माहेरचं आडनाव

महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचा भाग दोन आवडीने वाचणारी माणसं फार नसतील. मी वाचायचे, कारण ते माझं काम होतं. पुण्यातल्या एका कॉलेजच्या कार्यालयात आस्थापनेचं टेबल माझ्याकडे होतं: सेवापुस्तकं, रजेचे हिशेब, वेतननिश्चिती, पेन्शनची प्रकरणं. एखाद्या प्राध्यापिकेचं लग्न झालं की काही महिन्यांनी ती राजपत्राचा अंक घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. खरबरीत कागद, बारीक टाइप आणि एकाखाली एक नावं. जुनं नाव, नवीन नाव. आपल्या नावाखाली तिने पेन्सिलीने रेघ मारून आणलेली असायची. मग मी कपाटातून तिचं सेवापुस्तक काढायची. पहिल्या पानावरच्या जुन्या नावावर लाल शाईची एक आडवी रेघ, वर नवीन नाव, समासात राजपत्राची तारीख आणि पान, खाली प्राचार्यांची सही. मस्टरवर ‘कु.’च्या जागी ‘सौ.’ यायचं. चहा यायचा, पेढे यायचे. सगळ्यांना आनंद होई, मलाही होई.

त्या रेघेखाली जुनं नाव वाचता येईल इतकी ती बारीक मारायची, असं मला माझ्या आधीच्या हेडक्लार्कनी शिकवलं होतं. नोंद खोडायची नसते, नुसती मागे सारायची असते, असं ते म्हणत. तेव्हा मला ती ऑफिसची शिस्त वाटली होती. आज त्या शिस्तीत माणुसकीही होती असं वाटतं.

माझं स्वतःचं लग्न १९७६ सालचं. माहेरचं आडनाव जोशी. लग्नानंतर तांदळाच्या ताटात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. पहिलं नाव बदललं, मधलं बदललं, आडनाव बदललं. नावाचे तिन्ही भाग एका दुपारीत गेले आणि मला कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं त्या दिवशी मलाही सुचलं नाही. माझ्या आईचं असंच झालं होतं, आजीचंही. जुन्या अकरावीचं एस.एस.सी.चं प्रमाणपत्र तेवढं माहेरच्या नावाचं उरलं. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरमधलं नाव बदलत नाहीत, म्हणून ते तसंच राहिलं. पुढे नोकरीच्या वेळी त्या प्रमाणपत्राबरोबर राजपत्राची प्रत जोडावी लागली आणि माझ्याच सेवापुस्तकात माझ्या जोशीपणाचा उल्लेख एका ओळीपुरता झाला.

पण तेव्हा कागदावर गेलेलं नाव माणसांच्या तोंडात राहायचं. उन्हाळ्यात एस.टी.ने दापोलीवरून आंजर्ल्याला गेलं की तिठ्यावरच कुणी तरी म्हणायचं, ‘जोश्यांची थोरली आली.’ मुलं मोठी झाली, केस पिकले, तरी तिथे मी जोश्यांची थोरलीच होते. माहेरच्या नावाने आलेलं पत्रही सासरच्या दारात बिनचूक पडायचं, कारण पेठेतल्या पोस्टमनना घरातल्या सगळ्या सुनांची माहेरची नावं पाठ. कॉलेजातही तेच. काल देशपांडे बाई म्हणून शिकवणाऱ्या बाई दिवाळीनंतर कुलकर्णी बाई होऊन यायच्या, आणि शेवटच्या वर्षाची मुलं वर्ष संपेपर्यंत त्यांना देशपांडे बाईच म्हणायची. कुणाचं काही अडायचं नाही. बाईंना ओळखणारी सगळी माणसं दोन-तीन मैलांच्या परिसरात होती आणि त्यांना बाईंचा चेहरा माहीत होता. नावाला एकट्याने कुठे जावं लागत नव्हतं.

त्या काळाची मला आठवण येते ती या ओळखीसाठी. बदलाची सक्ती होती, हे मी विसरत नाही. कायद्याने ती कधीच नव्हती. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असं सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. पण रिवाजाचा जोर एवढा होता की ज्या प्राध्यापिकेने माहेरचं नाव तसंच ठेवलं, तिच्याबद्दल स्टाफरूममध्ये हळू आवाजात बोललं जाई. मी ते ऐकलेलं आहे.

आता माझ्या भाचीची गोष्ट. माझ्या धाकट्या भावाची ही मुलगी. भाताच्या मुळांजवळ राहणाऱ्या जिवाणूंवर तिचं पीएच.डी.चं काम चालू आहे, दोन शोधनिबंध प्रसिद्ध झालेत. तिचं नाव ‘एस’ अक्षराने सुरू होतं आणि आडनाव अर्थात जोशी. एस. जोशी या नावाने देशात आणि देशाबाहेर किती माणसं शोधनिबंध लिहीत असतील! जोशी महाराष्ट्रात आहेत, गुजरातेत आहेत, राजस्थानात आहेत, उत्तराखंडात आहेत. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिची ऑनलाइन मुलाखत घेतली तेव्हा पहिलाच प्रश्न दुसऱ्याच कुणा एस. जोशींच्या लेखावर आला. तिने सांगितलं की तो लेख माझा नाही. मुलाखत पुढे चांगली झाली, पण त्या रात्री तिने मला फोन केला आणि म्हणाली, ‘आत्या, मी कायदेशीर आडनाव बदलायचा विचार करतेय.’

तिचं गेल्या वर्षी लग्न झालंय. मला वाटलं, सासरचं लावणार. सासरचं आडनाव कुलकर्णी. ती म्हणाली, ‘एका गर्दीतून उठून दुसऱ्या गर्दीत कशाला जाऊ?’ नवऱ्याचं, सासूबाईंचं काही म्हणणं नाही, तुला हवं ते लाव म्हणतात. तिला हवं होतं आंजर्लेकर. माझ्या आजोबांच्या जुन्या पत्रांवर सही आहे ती ‘जोशी आंजर्लेकर’ अशी. पुढे शाळेत नाव घालताना कधी तरी मागचं आंजर्लेकर गळलं आणि आम्ही नुसते जोशी राहिलो. तिला ते गळलेलं परत उचलायचं होतं.

मी तिला सोळा आकडी ऑर्किड क्रमांकाबद्दल विचारलं. माझ्या निवृत्तीच्या सुमारास, २०१२ साली, ती सोय सुरू झाली. संशोधकाचं नाव काहीही असो, बदलो, त्याचं सगळं काम त्या एका क्रमांकाखाली जमा होतं. तिच्याकडे तो आहेच. पण तिचं म्हणणं मला पटलं. लेख वाचताना मजकुरात जो संदर्भ येतो तो क्रमांकाने येत नाही, ‘जोशी आणि इतर, २०२१’ असा येतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात राहतं ते आडनाव. तिच्या क्षेत्रात पहिलं नाव एका अक्षरापुरतं आणि आडनाव पूर्ण, आणि तिच्या वाट्याला आलेलं पूर्ण नाव हजारोंचं.

पूर्वी असं वेगळं नाव हवं असलं तर माणसं काय करत, याचा मी तेव्हापासून विचार करतेय. गाण्याच्या जगात बघा. मास्टर दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळातले पुजारी, त्यांचं आडनाव वेगळं होतं. दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे नाव घेतलं, आणि पुढे त्यांच्या मुलामुलींनी त्या नावाचं काय केलं ते जगाला ठाऊक आहे. केसरबाई केरीच्या, म्हणून केरकर. मोगूबाई कुर्डीच्या, म्हणून कुर्डीकर. गोव्यातलं ते कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घरांचे चौथरे वर येतात. गावात आता कुणी राहत नाही, पण जयपूर घराण्याचं नाव निघालं की कुर्डीचं नाव घ्यावंच लागतं. यातल्या कुणाला नावापायी राजपत्राच्या खिडकीशी उभं राहावं लागलं असेल असं मला वाटत नाही. नाटक कंपनीच्या जाहिरातीवर नाव छापलं, बैठकीत लोकांच्या कानावर पडलं, तबकडीवर आलं, की झालं.

रंगभूमीवर तर एकाच बाईंची तीन आडनावं प्रेक्षकांनी सहज पचवली. विजया जयवंत, विजया खोटे आणि विजया मेहता. दुर्गाबाई खोट्यांच्या धाकट्या मुलाशी, हरीन खोटे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ते अकाली गेले. पुढे फारुख मेहता यांच्याशी विवाह झाला. त्यांच्या दिग्दर्शनाचा ठसा प्रत्येक नावाखाली ओळखू येत होता, कारण नाटक बघणारा प्रेक्षक तोच होता. आणि दुर्गाबाईंनी स्वतः पुढे पुन्हा लग्न केलं तरी खोटे हेच नाव ठेवलं. ज्या नावाने पडद्यावर आल्या, त्याच नावाने शेवटपर्यंत राहिल्या. मला त्यांचा तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

गावाच्या नावाने आडनाव बदलण्यामागे सगळ्यांचीच हौस नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. घराण्याचं मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. पुढच्या काळात कितीतरी कुटुंबांनी जातीची खूण पुसण्यासाठी आडनावं बदलली. आडनाव ऐकून खोली नाकारणारे मालक होते, अर्जावरचं नाव वाचून तो अर्ज तळाला सारणारे लोकही होते. राजपत्राच्या त्या रांगांमध्ये ती नावंही असत. कॉलेजात एक तरुण शिपाई अशीच प्रत घेऊन आला होता. त्याने ती माझ्यापुढे ठेवली आणि नोंद होईपर्यंत टेबलापासून हलला नाही. त्याच्या नोंदीचा चहा झाला नाही. तो व्हायला हवा होता.

भाचीला मी एकदा म्हटलं, ‘कागदावर जोशी राहा आणि लेखांवर आंजर्लेकर लिही. गाणाऱ्या बायकांनी तेच केलं ना?’ तिने मला सगळा व्यवहार समजावून सांगितला. बैठकीची बिदागी पाकिटातून हातात मिळायची. आज परिषदेचं मानधन बँकेत येतं, आणि तिथे खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव एकच लागतं. परदेशातल्या परिषदेचं निमंत्रणपत्र एका नावाचं आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा असला तर व्हिसाच्या खिडकीवर अडकायला होतं. पीएच.डी.ची पदवी विद्यापीठाच्या नोंदीतल्या नावाने छापली जाते. पेटंटचा अर्ज, प्रकल्पाचा निधी, नेमणुकीचं पत्र, सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं जातं, आणि ताडून पाहणारा बहुतेक वेळा माणूसही नसतो. त्या यंत्राला ‘जोश्यांची थोरली’ कशी कळणार?

याच बोलण्यात मला कमलाबाई सोहोनी आठवल्या. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला, आणि त्यांनी तो झगडून मिळवला. पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली डॉक्टरेट घेतली, विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. तिथले त्यांचे लेख भागवत या नावाचे आहेत. १९४७ साली लग्न झालं, त्या मुंबईला आल्या, विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. नीरेवरचं आणि आपल्या कडधान्यांवरचं काम सोहोनी या नावाने झालं. आज कुणी सोहोनी हे नाव घालून शोधलं तर केंब्रिजचं काम समोर येत नाही, भागवत घालून शोधलं तर मुंबईचं येत नाही. एवढ्या मोठ्या बाईंचं आयुष्य यादीत दोन ठिकाणी विभागलेलं आहे. त्यांच्या वेळी हे कुणाला खुपलं नसेल, कारण त्यांच्या क्षेत्रातली मोजकी माणसं दोन्ही नावं जाणत होती. भाचीने हे ऐकलं आणि म्हणाली, ‘म्हणूनच आत्ता, आत्या. दोनच लेख झालेत तोवर.’

माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. वीस लेख झाले असते, पदवी छापून झाली असती, तर मी तिला बदलू दिलं नसतं. ज्या नावाने काम केलं तेच पुढे न्यावं, लग्न होवो, मोडो, घर बदलो. काही प्रकाशनसंस्था हल्ली जुन्या लेखांवरचं नाव बदलून देतात, पण ज्यांनी तो लेख आधीच उद्धृत केला त्यांच्या पानांवर जुनंच राहतं. प्रबंध अजून द्यायचा आहे, म्हणजे आत्ताची वेळ बरी आहे. आणि एकदा बदललं की पुन्हा हात लावायचा नाही. आधारमध्ये नावाची दुरुस्ती जन्मात दोनदाच करता येते. माझ्या काळी तीन नावं घेऊन फिरलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांच्या पेन्शनच्या फायली सगळ्यांत जाड असत.

पूर्वीपेक्षा आता सोपं काय झालं, तेही खूप आहे. मुंबईत राजपत्राचं काम चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात चाले. अर्ज, प्रतिज्ञापत्र, फोटो, पैसे भरायची रांग, आणि मग अंक कधी येतो याची वाट. आता सगळं घरबसल्या ऑनलाइन भरता येतं आणि अंकाचं पान डाऊनलोड होतं. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची गरज नाही, हे २०१७ साली खुद्द पंतप्रधानांनी जाहीर भाषणात सांगितलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही कागदावर नाही. ते आता शोधून घालता येणार नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

पण सोपं झालं ते करणं. ठरवणं अवघड झालं आहे. आमच्यासाठी दुसऱ्यांनी ठरवलं, आणि त्या ठरवण्याचा दोषही दुसऱ्यांचा होता. या मुलीला सगळं स्वतः ठरवायचं आहे आणि ते पुढे कुणावर ढकलता येणार नाही. तिने महिनोन्महिने विचार केला, मार्गदर्शकांशी बोलली, मैत्रिणींना विचारलं, रात्री मला फोन केले. माझ्या वेळी कुणी मला एक दिवस जरी दिला असता तर मी काय निवडलं असतं, हा प्रश्न मी आत्ता या वयात पहिल्यांदा स्वतःला विचारला. मी जोशीच राहिले असते.

माझा भाऊ मात्र गप्प झाला होता. मुलगी सासरचं नाव लावेल, याची त्याने पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने तयारी ठेवली होती. ती कुणाचंच न लावता आंजर्लेकर लावणार, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. ‘मग आम्ही कोण उरलो?’ एवढंच तो मला एकदा म्हणाला. मी त्याला आजोबांची पत्रं काढून दाखवली. त्याने ती सही बराच वेळ पाहिली. दुसऱ्या दिवशी फोन करून त्याने विचारलं, ‘मधे माझं नाव राहील ना?’ राहणार आहे. ती ते लेखांवरही लावणार आहे.

आणखी एक गंमत तिनेच दाखवली आणि मी दोन दिवस तिचाच विचार करत होते. पॅनच्या दहा अक्षर-आकड्यांतलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, आणि आडनाव बदललं तरी पॅन क्रमांक तोच राहतो. म्हणजे आंजर्लेकर झाल्यावरही तिच्या पॅनमधला जोशींचा ‘जे’ आयुष्यभर तिच्याबरोबर असणार. माझं पॅन लग्नानंतरचं, त्यात तो नाही.

कागदांचा क्रम मी तिला लिहून दिला आहे. आधी प्रतिज्ञापत्र आणि राजपत्र, मग आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, आणि प्रबंध सादर करण्याच्या पुरेशा आधी विद्यापीठातली नोंद. राजपत्राच्या छापील प्रती जास्तीच्या काढून ठेवायच्या, कारण दहावीपासूनची सगळी जुनी प्रमाणपत्रं जोशीच राहणार आणि प्रत्येक ठिकाणी पूल म्हणून हे पान जोडावं लागणार. प्रतिज्ञापत्राचा मसुदा तिने मलाच लिहायला सांगितला. इतक्या वर्षांनी मी तसं काही लिहिलं. ‘जोशी व आंजर्लेकर या दोन्ही आडनावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे’ हे नेहमीचं वाक्य आलं, आणि त्याखाली मी तिच्या दोन्ही शोधनिबंधांची नावं वर्षांसकट घातली. वकिलांचं म्हणणं, कायद्याच्या दृष्टीने त्यांची गरज नाही, काढून टाका. ती म्हणाली, राहू द्या.